सळई ठोकली म्हणजे अर्थिंग झाले असे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत कॅरॅव्हॅन प्रवासावर आलेला लेख मुलीने मला फोनवर दाखवला. सध्या मी तिच्याकडे ओहायोत आहे. लेख आवडला. गाडीतच चूल, गाडीतच पथारी हा प्रकार आपल्याकडे रुजू लागला आहे, २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले, याचा आनंदच आहे. पण विजेच्या जोडणीबद्दल त्या लांबलचक लेखात जेमतेम दोन ओळी आहेत आणि त्यातली एक जिवावर बेतू शकेल अशी आहे. मुक्कामाच्या जागी गाडीशेजारी लोखंडी सळई ठोकून तिला वायर जोडली की शॉकची भीती राहत नाही, अशा अर्थाचे ते विधान आहे. मी आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो. माझ्या हाताखालून गेलेली मुले आज मिरज-सांगलीपासून पुण्यापर्यंत गाड्यांचे वायरिंग करतात. त्यांच्यापैकी एखाद्याने ही ओळ वाचून गिऱ्हाइकाची गाडी तशीच सोडली तर काय, या काळजीने लिहीत आहे.

आधी सळईचा हिशेब करू. चांगल्या ओलसर काळ्या मातीत ठोकलेल्या सळईचा जमिनीशी रोध २५ ओहम धरू. गाडीतली फेजची वायर सोलपटून बॉडीला लागली, तर त्या सळईतून जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपियर. गाडीचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, १६ अँपियरचा. तो पडणार नाही. तो आपला निवांत चालू राहील आणि गाडीच्या पत्र्यावर जवळपास पूर्ण व्होल्टेज उभे राहील. दरवाजाची कडी धरून ओल्या जमिनीवर पाय ठेवणाऱ्या माणसाला त्या सळईचा काडीचा उपयोग नाही. उलट बॉडीपासून अर्थची वायर सॉकेटच्या तिसऱ्या पिनेतून पुरवठ्याच्या मूळ न्यूट्रल-अर्थ जोडणीपर्यंत धडधाकट पोचलेली असेल आणि त्या सगळ्या फेऱ्याचा रोध एक ओहम असेल, तर २३० अँपियर वाहतील आणि एमसीबी डोळ्याचे पाते लवायच्या आत पडेल. एमसीबी पाडायचा असेल तर प्रवाहाला उगमापर्यंत परत जायला धातूचा रस्ता लागतो. जमीन हा त्यासाठी फार वाईट रस्ता आहे. कोकणातल्या सड्यावर किंवा सह्याद्रीच्या कातळावर तर सळई वीतभरसुद्धा आत जात नाही, तिथे २५ ओहमचे नावच नको.

सळईच्या जोडीला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीत गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण तो ९ अँपियरची वाट न बघता लगेच तुटतो. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

आता मला हे सगळे लिहावेसे का वाटले ते सांगतो. मुलीने आणि जावयांनी एक जुना एअरस्ट्रीम ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचे फिरते घर, घेतला आहे, १९७२ सालचा. अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचे गोलाईदार कवच, हजारो रिव्हेट, विमानाच्या बांधणीसारखी बांधणी. वॉली बायम यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेली ही कंपनी याच ओहायो राज्यात, जॅक्सन सेंटर या गावी आजही ट्रेलर बनवते. वस्तू देखणी आहे यात शंका नाही. पण विजेच्या दृष्टीने बघाल तर रबरी टायरांवर जमिनीपासून अलग उभी असलेली ती एक धातूची मोठी डबी आहे, आणि तिच्या आत दोन वेगवेगळ्या विजा नांदतात. एक बाहेरच्या खांबावरून येणारी १२० व्होल्टची एसी. दुसरी बॅटरीची १२ व्होल्टची डीसी, जिच्यावर दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा चालतो. या दोघींच्या मध्ये बसतो कन्व्हर्टर. तो एसी घेऊन डीसी देतो आणि बॅटरीही चार्ज करतो.

त्या काळचा कन्व्हर्टर म्हणजे जड ट्रान्सफॉर्मर आणि पुढे एसीची डीसी करणारा रेक्टिफायर. सतत घूं करणारा, बॅटरी भरली की हात आखडता घेणे त्याला जमत नाही, त्यामुळे बॅटरीतले पाणी आटते. म्हणून असे ट्रेलर घेणारे बहुतेक लोक तो काढून हलका, इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर बसवतात. हा गरजेप्रमाणे १४.४, १३.६ किंवा १३.२ व्होल्ट देतो. बदल योग्यच आहे, मीही तोच सल्ला देईन. या ट्रेलरमध्ये तो आधीच्या मालकाने केव्हातरी बदललेला होता. पण काम करणाऱ्याने जुन्या कन्व्हर्टरच्या पेटीपासून चासीला, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याला, जाणारी जाड तांब्याची वायर कापली, टोकाला काळी टेप गुंडाळली आणि ती कपाटाच्या तळाशी तशीच सोडून दिली. नव्या कन्व्हर्टरच्या पेटीवर त्याच वायरीसाठी दिलेला पितळी लग, म्हणजे वायर आवळायचा जोडतुकडा, रिकामा, स्क्रूवर कारखान्यातली चमक तशीच.

जावई इंजिनिअर आहेत, संगणकातले. त्यांनी विचारले, "बाबा, या कन्व्हर्टरला तीन पिनांचा प्लग आहे की. अर्थ त्यातून आलाच ना?"

हा प्रश्न आपल्याकडचे वायरमनही विचारतील, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. प्लगमधली अर्थ वायर एसीच्या बिघाडासाठी असते. अमेरिकेत ती साधारण १४ गेजची, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम दोन चौरस मिलिमीटरची असते. तिच्यामागे १५ अँपियरचा ब्रेकर असतो, एसीचा बिघाड झाला की तो पडतो आणि वायर वाचते. पण कन्व्हर्टरच्या पेटीत बॅटरीची धन वायरही येते. ती सुटून किंवा घासून पेटीला लागली तर? तेव्हा प्रवाह खांबावरून येत नाही, बॅटरीतून येतो, आणि शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो अँपियर सोडते. पेटी चासीला थेट जोडलेली नसेल तर या प्रवाहाला बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जायला एकच वाट उरते: पेटीतून प्लगच्या बारीक अर्थ वायरीत, तिथून एसीच्या पॅनेलच्या अर्थ पट्टीवर, तिथून चासीवर आणि मग चासीलाच जोडलेल्या बॅटरीच्या ऋण टोकाकडे. शेताच्या पाटात कालव्याचे पाणी सोडल्यासारखे होते ते. एसीच्या ब्रेकरला याचा पत्ताही लागत नाही, कारण हा प्रवाह त्याच्यातून जातच नाही. जुन्या ट्रेलरमध्ये बॅटरीजवळ फ्यूज असेलच अशी खात्री नसते. मग लाकडी कपाटाच्या आत, प्लायवूडला चिकटून गेलेली ती बारीक वायर लालबुंद होते. वर गादी असते, आणि गादीवर माणसे झोपलेली असतात.

म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत, निवासी वाहनांसाठीच्या ५५१ क्रमांकाच्या प्रकरणात, कन्व्हर्टरची धातूची पेटी वाहनाच्या फ्रेमला किमान ८ गेजच्या तांब्याच्या वायरीने जोडलीच पाहिजे असे म्हटले आहे. आठ गेज म्हणजे ८.३७ चौरस मिलिमीटर. आपल्या बाजारात ६ नंतर १० चौरस मिलिमीटरची वायर मिळते, ती घ्यावी. ही वायर असली की धन टोक पेटीला लागताच पूर्ण प्रवाह आखूड रस्त्याने चासीत जातो आणि बॅटरीजवळचा फ्यूज उडतो. तो फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत हवा, नाहीतर मधली वायर कोणाच्याच राखणीत नाही.

या ट्रेलरमध्ये दुसरीही एक गोष्ट सापडली, आणि खरे तर शोध तिच्यापासूनच सुरू झाला होता. सकाळी दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी उभे राहून दरवाजाच्या कडीला हात लावला की मुंग्या यायच्या. मी एक स्क्रू ड्रायव्हर ओल्या मातीत खुपसला, मीटरचे एक टोक त्याला आणि दुसरे दरवाजाच्या रिव्हेटला लावले. पन्नासच्या वर व्होल्ट. हा आकडा जाणकाराला लगेच काही सांगतो. इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पेटीला जोडलेले असतात. अर्थ शाबूत असेल तर त्यांचा अगदी किरकोळ प्रवाह गुपचूप निघून जातो. अर्थ तुटली की पेटी, आणि तिच्याबरोबर सगळी बॉडी, पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगू लागते. १२० च्या निम्मे ६०, आपल्याकडे २३० च्या निम्मे ११५. त्या प्रवाहाने सहसा कोणी मरत नाही, फक्त झिणझिण्या येतात. पण ती झिणझिणी सांगते की अर्थ गेली आहे. उद्या फेजची वायर बॉडीला लागली तर वाचवायला काही शिल्लक नाही. माणसाला दहा मिलिअँपियरच्या आसपास हात सोडवता येईनासा होतो आणि पन्नास ते शंभर मिलिअँपियर हृदय बंद पाडायला पुरतात. 'थोडासा करंट येतो, जुनी गाडी आहे, चालायचेच' असे जे कोणी म्हणते त्याचे तोंड तिथल्या तिथे बंद करावे.

कारण साधे निघाले. ट्रेलरचा ३० अँपियरचा प्लग घराच्या साध्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून वापरलेल्या जोडतुकड्याची अर्थची गोल पिन मोडलेली होती. तुकडा बदलला, मीटर शून्यावर आले. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. तुकडा बदलल्याने कन्व्हर्टरची जाड वायर अनावश्यक ठरत नाही, आणि जाड वायर लावली असती तरी मोडक्या पिनेचा धोका गेला नसता. एक वाट खांबाकडे जाणाऱ्या प्रवाहाची, दुसरी बॅटरीकडे जाणाऱ्या प्रवाहाची. दोन्ही वाटा स्वतंत्र हव्यात आणि दोन्ही धड हव्यात.

जाड वायर कशी जोडली ते लिहितो, कारण अशा कामात खोट नेहमी जोडात असते. आधी बाहेरचा प्लग काढला, मग बॅटरीचे ऋण टोक सोडले. चासीच्या पोलादी पट्टीवर जिथे लग बसणार तिथला रंग आणि गंज घासून रुपयाएवढी जागा पांढरीफेक केली. रंगावर लग आवळला तर मीटर आज कंटिन्युइटी, म्हणजे जोड सलग असल्याचे, दाखवेल आणि पावसाळ्यानंतर दाखवणार नाही. कल्हई केलेला तांब्याचा लग घेतला, नुसते तांबे पोलादाला किंवा अॅल्युमिनियमला ओलाव्यात टेकले की जोड खाल्ला जातो. लग प्लायरने चेपायचा नाही, त्याच्या मापाच्या क्रिम्पिंग टूलनेच दाबायचा आणि वायर ओढून बघायची. दातेरी वॉशर, नट-बोल्ट, वर ग्रीस. पत्र्यात घुसवलेल्या आपोआप आटे पाडणाऱ्या स्क्रूवर असा जोड कधीही ठेवू नये. शेवटी गाडीतले सगळे दिवे, पंप आणि पंखा चालू करून कन्व्हर्टरची पेटी आणि चासी यांच्यातले डीसी व्होल्टेज पाहिले, मग बॅटरीचे ऋण टोक आणि चासी यांच्यातले. दोन्ही ठिकाणी काही मिलिव्होल्टच हवेत. दुसऱ्या मोजमापात अर्धा व्होल्ट दिसला तर ऋण टोकाचा जोड गंजला आहे असे समजावे, आणि तो अडलेला प्रवाह बारीक अर्थ वायरीतून वाट काढत असतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी रंगांबद्दल एक इशारा. भारतात शिकलेल्या माणसाच्या हाडीमांसी लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल हे भिनलेले असते. अमेरिकेत एसीची काळी वायर फेज आणि पांढरी न्यूट्रल. आणि याच ट्रेलरांमध्ये १२ व्होल्टच्या बाजूला काळी बऱ्याचदा धन असते, पांढरी ऋण. म्हणजे कन्व्हर्टरच्या कपाटात दोन काळ्या आणि दोन पांढऱ्या वायरी शेजारी शेजारी असतात, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. रंगावर विसंबून कुठेही हात घालू नका, प्रत्येक वायर मीटरने तपासा. तीच गोष्ट न्यूट्रलची. घराच्या मुख्य पॅनेलमध्ये इथे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असतात, म्हणून घरातले पॅनेल बघून काही जण ट्रेलरच्या पॅनेलमध्येही न्यूट्रल आणि अर्थ जोडणारी पट्टी बसवतात. वाहनात हे सक्त मना आहे. तिथे न्यूट्रल बॉडीपासून पूर्ण अलग हवे, नाहीतर रोजचा न्यूट्रलचा प्रवाह बॉडीतून वाहू लागतो आणि एक ढिला जोड पुरतो गाडीचा पत्रा जिवंत व्हायला. असा ट्रेलर घराच्या जीएफसीआय सॉकेटला, म्हणजे आरसीसीबीसारखी गळती ओळखणाऱ्या सॉकेटला, लावला की ते लगेच तुटते. मग लोक सॉकेटलाच दोष देऊन दुसरे शोधतात! ते पाच मिलिअँपियरच्या आसपास तुटणारे सॉकेट त्यांना सावध करत असते.

आता आपल्याकडे येतो. महाराष्ट्रात टेम्पो ट्रॅव्हलर किंवा बस घेऊन आतून घर करणाऱ्या कार्यशाळा वाढत आहेत. लाकूडकाम सुरेख असते, दिवे सुरेख असतात, फोटो तर फारच सुरेख येतात. पण गिऱ्हाईक पलंगाखालचा इन्व्हर्टर-चार्जर उघडून बघत नाही. तिथे २३० व्होल्ट आहेत, म्हणजे ट्रेलरच्या जवळपास दुप्पट. लिथियमची बॅटरी असेल तर शॉर्टचा प्रवाह आणखी बेफाम. इन्व्हर्टरच्या पेटीवर चासीच्या वायरीसाठी स्क्रू दिलेला असतो, त्याला वायर आहे का, हे टॉर्च घेऊन एकदा बघाच. समुद्राकाठी फिरणाऱ्या गाड्यांनी तर दर पावसाळ्यानंतर चासीवरचा तो जोड उघडून साफ करून पुन्हा आवळायला हवा, खारी हवा पोलादाला सोडत नाही.

आणि मुक्कामाच्या जागांबद्दल. रिसॉर्टच्या हिरवळीवर, धाब्यामागे, होमस्टेच्या पडवीत आपण ज्या सॉकेटला गाडी लावतो त्याच्या तिसऱ्या भोकामागे वायर असते की नाही हे कोणी पाहिलेले नसते. एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लग तर दोन पिनांचाही निघतो. तीन दिव्यांचा तपासणी प्लग हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो, तो प्रत्येक कॅरॅव्हॅनमध्ये असावा. पण तोही फसतो: सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवून वर फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल, तर दिवे 'ठीक' सांगतात आणि अर्थच्या पिनेवर फेज उभी असते. म्हणून गाडी लावल्यावर बॉडी आणि ओली जमीन यांच्यातले व्होल्टेज मीटरने मोजणे याला पर्याय नाही. दोन व्होल्टच्या वर काही दिसले तर गाडीला न शिवता आधी जागेचा पुरवठा मुख्य स्विचवरून बंद करायला लावावा, मग प्लग काढावा आणि तिथे वीज घेऊ नये.

कॅरॅव्हॅन पार्कांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांत प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र ३० मिलिअँपियरचे संरक्षण सांगितले आहे. दहा गाड्यांना मिळून एक आरसीसीबी बसवला की एका गाडीच्या बिघाडाने सगळ्यांची वीज जाते, मग कोणीतरी वैतागून तो बायपास करतो. मी हे लग्नाच्या मांडवांत आणि जत्रांत डोळ्यांनी पाहिले आहे. पर्यटन विकास महामंडळ आणि खासगी पार्कवाले नव्या जागा उभारत असतील, तर हा खर्च आत्ताच धरावा.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच की, पुढच्या पुरवणीत सळईबद्दलची ती ओळ दुरुस्त करून छापावी. तिच्यासोबत, गाडी विकत किंवा भाड्याने घेताना कार्यशाळेकडून समोर मीटर लावून दोन मोजमापे मागून घ्यावीत, असेही छापावे. पहिले, बाहेरच्या प्लगची अर्थ पिन आणि चासी यांच्यातला रोध. दुसरे, इन्व्हर्टर किंवा कन्व्हर्टरची पेटी आणि चासी यांच्यातला रोध. दोन्ही एक ओहमच्या आत हवेत. मोजून दाखवायला जो कारागीर टाळाटाळ करेल त्याच्याकडून गाडी ताब्यात घेऊ नये.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वीजतंत्री), मिरज
सध्या मुक्काम : ओहायो, अमेरिका